तेवीस नंबरचा शेवट

बेलापूर, ता. श्रीरामपूर
४ ऑगस्ट २०२५

हसीना फुप्पी,
सलाम.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही हसता, आणि तुम्ही हसलात की माझं बोलणं तिथंच संपतं. या वेळी ते संपायला नको आहे. म्हणून पत्र.

आमच्या वाचनालयात जमादार गुंजाळांच्या रहस्यकथांची एकसष्टच्या एकसष्ट पुस्तकं आहेत, हे मी तुम्हाला कळवलं होतं. लोक कपाटासमोर उभे राहतात आणि एक नंबरपासून सुरुवात करतात. पहिली तीन वाचून कोणीही ही मालिका सोडून देईल. त्यांत लेखकाला जमादार अजून नीट सापडलेलाच नाही, तो नुसती भाषणं देतो. म्हणून मी दारातल्या फळ्यावर खडूनं बारा नंबर लिहिले आणि प्रत्येकापुढं दोन-दोन ओळी. चारपासून सुरू करा. अकरा वाचल्याशिवाय सोळा उघडू नका. एकोणचाळीस ते त्रेचाळीस वगळा. त्यांत गुंजाळ सिगारेट ओढतो, बाकी सगळीकडं त्याला धुराचा खोकला आहे, तेव्हा ती पाच दुसऱ्याच कोणी लिहिली असावीत. लोक फळा वाचून पुस्तकं नेऊ लागले. कार्यवाह भागवत सरसुद्धा म्हणाले, ‘छान केलंत.’ मी इथं अजून तात्पुरती आहे, तीस सप्टेंबरला कमिटी मला कायम करायचं की नाही ते ठरवणार. त्यामुळे ते ‘छान’ मी चार दिवस जपून ठेवलं.

तेवीसपुढं, म्हणजे ‘घाटातला कंदील’पुढं, मी लिहिलं होतं: ‘जमादार भलत्या माणसावर संशय घेतो आणि शेवटी त्याची हात जोडून माफी मागतो. असा शेवट दुसऱ्या कुठल्या रहस्यकथेत नाही.’

काल परवेझभाई आले. त्यांचं इथं मोटरसायकलचं गॅरेज आहे. वडिलांना आता दिसत नाही, म्हणून संध्याकाळी ते त्यांना वाचून दाखवतात. त्यांनी तेवीस नंबर माझ्या टेबलावर ठेवला नाही, टाकला.

‘ताई, हे तुमी वाचलंय?’

‘हो.’

‘शेवटापर्यंत?’

‘हो,’ मी म्हणाले. फुप्पी, मी हो म्हणाले.

‘मग वाचा की मोठ्यानं. मला न्हाई वाचवलं. अब्बा कान लावून बसलेत, म्हणतात, पुढं काय झालं रे, माफी मागितली का त्यानं? काय सांगू त्यांना?’

मी शेवटचं प्रकरण उघडलं. ते मी जन्मात पहिल्यांदा वाचत होते. ज्याच्यावर संशय होता तो करीम टांगेवालाच खुनी आहे. जमादार त्याची माफीबिफी मागत नाही. तो हवालदाराला सांगतो, ‘त्याचं नाव ऐकलं तेव्हाच मी बेड्या पुसून ठेवल्या होत्या.’ आणि सगळे हसतात.

माझ्या कमरेला प्लास्टर होतं ती दोन वर्षं मी शाळेऐवजी तुमच्या फुटाण्याच्या दुकानात, पोत्यांवर पडून वाचायला शिकले. याच पुस्तकांवर. तेवीसची शेवटची पानं फाटलेली होती. तुम्ही म्हणालात, मी आधी वाचलंय, सांगते. टांगेवाला निर्दोष, खुनी सावकाराचा पुतण्या, जमादार हात जोडतो. वीस वर्षं मी हे खरं धरून चालले. परवेझभाईंसमोर खोटी ठरले ती मी. मला फक्त एवढं कळवा, हे काय आहे?

उझ्मा

*

तिसगाव, ता. पाथर्डी, जि. नगर
११ ऑगस्ट २०२५

उझ्मा बेटी,
दुवा.

पत्र आलं. पोस्टमनला वाटलं कोर्टाचं असेल, इतकं जाड पाकीट. वाचलं तर कोर्टाचंच निघालं.

बेटा, दुकानात रद्दी यायची. त्यात पुस्तकं असायची. पुड्या बांधायला हात जाईल तिथून पान फाटायचं. तेवीसची शेवटची पानं गेली असतील कोणाच्या तरी फुटाण्यांबरोबर. तू प्लास्टरमध्ये पडून ‘पुढं काय, पुढं काय’ करून जीव खायचीस. मी सांगितलं काहीतरी. गोष्टच ती! कोणाच्या घराचा सातबारा नाही बदलला मी.

आणि हा परवेझ कोण, कोणाचा? एवढा मोठा बाप्या, गोष्टीचं पुस्तक वाचून टेबलावर आपटतो? त्याला म्हणावं, नट-बोल्ट बघ. तू पण लगेच रडत बसली असशील. लहानपणीही तुला कोणी पाटीवरचं अक्षर वाकडं म्हटलं की तू जेवायची नाहीस.

कमिटीनं विचारलं तर सांग, जुन्या आवृत्तीत शेवट निराळा होता. कोण बघायला येतंय? तुझी नोकरी पक्की होऊ दे, मग काय खरं अन् काय खोटं ते खुशाल मोजत बस.

इकडं पाऊस बरा आहे. तुझा भाऊ काशिफ रविवारी येऊन गेला. टेम्पोला नवीन टायर टाकलेत म्हणून मिरवत होता. कंबर दुखते का? दोन्ही वेळेला तेल लाव.

तुझी
हसीना फुप्पी

*

बेलापूर
१६ ऑगस्ट २०२५

हसीना फुप्पी,
सलाम.

कंबर ठीक आहे. बाकी काहीच ठीक नाही.

तुम्ही मला गोष्टीच गोष्टी वाचून मोठं केलंत आणि आता मला अशी गोष्ट सांगता? मी तुमच्या दुकानात दोन वर्षं पुड्या वळल्या आहेत. पुडी वर्तमानपत्राच्या कागदाची असायची. गुंजाळांचं पुस्तक तळहाताएवढं. त्या पानाची पुडी मूठभर दाण्यांचीसुद्धा होत नाही, टोकातून गळते. मी तेव्हाच करून बघितली होती, तुम्हीच ओरडलात. पुस्तकाचं एक पानही त्या दुकानात पुडीला गेलेलं नाही.

जुनी आवृत्तीसुद्धा नाही. मी तपासलं. तेवीस एकदाच छापलं गेलं.

मग मी दुसरं केलं. मी लहानपणी कोणती पुस्तकं स्वतः शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि कोणत्यांचा शेवट तुमच्या तोंडून ऐकला, ते कागदावर मांडलं. मला सगळं आठवतं, तुम्हाला माहीत आहे. ऐकलेली पाच निघाली. नऊ, तेवीस, अठ्ठावीस, चौतीस, सेहेचाळीस. ती पाचही कपाटातून काढून तीन दिवसांत वाचली. नऊमध्ये गुन्हेगार खाटीक आहे. तेवीसमध्ये टांगेवाला. अठ्ठावीसमध्ये अत्तरवाला, चौतीसमध्ये फकीर, सेहेचाळीसमध्ये ड्रायव्हर. पाचांची नावं लिहीत नाही, तुम्हाला ती माहीत आहेत. तुम्ही मला पाचही वेळा सांगितलं होतं की खुनी पुतण्या. पाचही पुस्तकांत पुतण्या! मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

म्हणजे पानं आपोआप गेली नाहीत. तुम्ही ती आधी वाचलीत आणि फाडलीत. आणि आताही, मी सरळ विचारल्यावर, तुम्ही मला फुटाण्याचं नाव सांगितलंत. हे जास्त लागलं.

या पाचांतली तीन माझ्या बारांत आहेत. मी ती गावाला वाचायला सांगितली. अकरा लोकांनी तेवीस नेलं. रजिस्टरमध्ये त्यांच्या सह्या आहेत आणि त्यांतली चार नावं आपल्या लोकांची आहेत. ती माणसं पुस्तक मुकाट्यानं परत करून गेली. मी प्रत्येकाला विचारलं होतं, ‘आवडलं ना?’ आता ते आठवलं की मला फळ्यासमोर उभं राहवत नाही.

परवेझभाईंनी लेखी तक्रार दिली. कमिटीची नोटीस माझ्या हातात आहे: ‘फळ्यावर शिफारस केलेली पुस्तकं आपण स्वतः संपूर्ण वाचली होती काय? होय / नाही.’ बारा सप्टेंबरच्या सभेत उत्तर द्यायचं आहे. भागवत सर बाजूला घेऊन म्हणाले, ‘होय लिहा अन् मोकळ्या व्हा. जुनी आवृत्ती होती असं मी पुढं जोडतो.’ तुमचंच वाक्य. तुम्ही दोघं कधी भेटला होतात का?

खरं उत्तर ‘नाही’ आहे. ‘नाही’ लिहिलं तर मी कायम होणार नाही. ज्या बाईनं न वाचता शिफारस केली, तिला कपाटाच्या किल्ल्या कोण देईल? मीही देणार नाही.

तुम्ही मला अक्षरं शिकवलीत. पण अक्षराला अक्षर जुळवून वाचायचं, मनानं घालायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. चुकून एक काना जास्त वाचला तर बोटावर टिचकी मारायचात. मला फसवायला तुम्हाला मीच मिळाले?

उझ्मा

*

तिसगाव
२६ ऑगस्ट २०२५

उझ्मा,

आठ दिवस तुझ्या पत्राला हात लावला नाही. लावला असता तर त्याचे तुकडे झाले असते.

फाडली. हो, मीच फाडली. पुडीत नाही घातली, हे तू बरोबर ओळखलंस. भट्टीत घातली. त्यावर दाणे भाजले आणि बाजारात विकले. लोकांनी खाल्ले, ‘आज खरपूस झालेत’ म्हणाले. माझा जीव तेवढाच थंड झाला.

आता ऐक, का ते. मी सातवीत होते. तुझे दादा, म्हणजे माझे अब्बा, तिसगावच्या स्टँडवरून मढीच्या रस्त्याला टांगा चालवायचे. तू त्यांना पाहिलं नाहीस. टांग्याला बाहेरच्या बाजूनं एक कंदील अडकवलेला असायचा. आमच्या वर्गाला एक मास्तर ऑफ तासाला गोष्टीची पुस्तकं वाचून दाखवायचे. चांगला माणूस, छडी म्हणून कधी हातात घेतली नाही. त्यांनी सलग आठ दिवस ‘घाटातला कंदील’ वाचलं. मी पुढच्या बाकावर बसून ऐकत होते. मला वाटत होतं, करीम सुटणार. मनात मी त्याला अब्बांचा चेहरा दिला होता. शेवटच्या दिवशी ते बेड्यांचं वाक्य आलं आणि वर्ग हसला. मास्तरही हसले. मग अख्ख्या वर्गानं वळून माझ्याकडं बघितलं. त्यात वाईटपणा नव्हता बेटा. मजा होती.

दुसऱ्या दिवसापासून स्टँडवर पोरं ओरडायला लागली, ‘करीम आला, ए करीम आला! कंदील लपवा!’ अब्बांचं नाव करीम नव्हतं. त्यांना ही काय भानगड आहे ते कळेना. ते पोरांना हसून हात करायचे. मी त्यांना कधीच सांगितलं नाही की त्या पुस्तकात काय आहे. मास्तरांची बायको आधी दवाखान्याला टांग्यात एकटी जायची. त्यानंतर ती पुतणीला सोबत घेऊन बसायला लागली. पुढं अब्बांनी कंदील काढून ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी काढला. मी सातवीनंतर शाळेत गेले नाही. घरचे म्हणतात मला अभ्यास नको होता. म्हणू देत.

मग वीस वर्षांनी तेच पुस्तक रद्दीत माझ्या हातात आलं, आणि समोर तू, सहा वर्षांची, कमरेपासून खाली पांढरी, हलता येत नाही. तू म्हणालीस, ‘फुप्पी, करीमचाचा सुटेल ना?’ चाचा म्हणालीस तू त्याला. सांग, काय वाचू मी तुला? अक्षराला अक्षर जुळवून?

पुतण्या का, तर माझ्या भतीज्यानं, म्हणजे तुझ्या भावानं, त्या आठवड्यात माझी दाण्यांची पाटी दोनदा उलथी केली होती. खुनी म्हटल्यावर दुसरं कोणी डोळ्यासमोर येईना.

तुझी दोन पत्रं मी पुन्हापुन्हा वाचली. सगळा राग माझ्यावर. ज्यानं ते लिहिलं, त्याच्यावर तुझी एक ओळ नाही. ज्यानं ते छापलं, जे हसले, त्यांच्यावर नाही. फसवलं ते फुप्पीनं! माझ्या शेवटातला जमादार हात जोडतो. तुझ्या लेखकाच्यानं ते एकसष्ट पुस्तकांत एकदा तरी झालं का? तू वाचली आहेस म्हणतेस ना सगळी, मग दाखव.

होय लिही, नाही लिही, तुझं तू बघ. माझं नाव त्यात घालू नकोस. मला आता कोणाला काही सांगायचं नाही.

हसीना

*

बेलापूर
२० सप्टेंबर २०२५

हसीना फुप्पी,
सलाम.

तुमचं पत्र मिळालं त्याला तीन आठवडे झाले. सगळं झाल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं, पण अजून सगळं झालेलं नाही.

तुमचं एक खरं आहे. लिहिणाऱ्यावर मी चिडले नव्हते. त्याची इतकी पुस्तकं मला पाठ आहेत की तो मला घरातलाच वाटत होता. आता चिडले आहे. एकसष्ट पुन्हा वाचली. जमादार कोणाचीच माफी मागत नाही, एकदाही नाही. आणि वाईट हे आहे की तरीही चार, अकरा आणि सोळा उत्तम आहेत. मला ती अजून आवडतात, आणि त्याचाही राग येतो.

पण फुप्पी, तुमच्यावरचा गेलेला नाही. सहाव्या वर्षी तुम्ही मला वाचवलंत, ते मी मान्य करते. मी सोळा वर्षांची झाले तेव्हा सांगता आलं असतं. इथं कामाला लागले तेव्हा सांगता आलं असतं. मी फोनवर तुम्हाला बारा नंबर वाचून दाखवले होते, त्यात तेवीस होता, आणि तुम्ही म्हणालात, ‘वा!’ दादांना तुम्ही सांगितलं नाहीत, मला सांगितलं नाहीत. ते हसून हात करत राहिले आणि मी फळ्यावर शिफारस लिहीत राहिले. आम्ही दोघंही सगळ्यांसमोर उभे होतो आणि आम्हाला दोघांनाच ठाऊक नव्हतं. हे मी विसरू शकत नाही. प्रयत्न करून बघितला.

सभेच्या आदल्या दिवशी मी परवेझभाईंच्या गॅरेजवर गेले. म्हणाले, ‘मी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. तुमच्याशी खोटं बोलले.’ ते चाक सोडून उठले नाहीत.

‘मला एकट्याला सांगून काय उपेग? फळा सगळ्या गावानं वाचलाय. फळ्यावर लिवा.’

बारा तारखेला मी ‘नाही’वर खूण केली. भागवत सरांनी कागद उलटा करून माझ्यासमोर ठेवला, चुकून झालं असेल तर अजून वेळ आहे म्हणून. मी तो पुन्हा सुलटा केला. मग सर चिडले.

‘अहो, पण त्या पुस्तकात एवढं आहे काय? गोष्ट आहे. मी तीन वेळा वाचलं, मला कुठं काही खटकलं नाही.’

‘सर, तुम्हाला खटकणारच नाही. तुमचं नाव ऐकून कोणी बेड्या पुसत नाही.’

हे मी म्हणाले. मी, जी त्यांच्यासमोर पंख्याचं बटणसुद्धा विचारून दाबते. तुमचं नाव घेतलं नाही, काळजी करू नका.

ठराव झाला: तीस तारखेला विचार करू, तोवर वागणूक पाहू, आणि फळा पुसून टाकावा. मी विचारलं, पुस्तकं? पुस्तकं राहू द्यात, म्हणाले. पुस्तकं काढा असं मीही म्हटलं नाही. मला पानं फाडायची नाहीत, फुप्पी. मला फक्त माझे शब्द परत घ्यायचे आहेत.

सोमवारी सकाळी मी फळा पुसला आणि एवढंच लिहिलं: ‘क्रमांक ९, २३ आणि ३४ यांची शिफारस मी ती पूर्ण न वाचता केली होती. आता वाचली. ज्याचं नाव करीमसारखं, तोच गुन्हेगार, एवढाच त्यांतला तपास आहे. शिफारस मागे घेते. उझ्मा अलीम शेख.’

दुपारी सर आले. म्हणाले, ‘हे पुसा.’

मी म्हणाले, ‘ठरावात जुना फळा पुसायचं होतं. तो पुसला. हा तुम्ही पुसा.’

त्यांनी पुसलं. ते गेल्यावर मी दार लावलं आणि घरी गेले. मंगळवारी येऊन पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा पुसलं. बुधवारी ते अकरा वाजताच आले, तोवर सहा जणांनी वाचलं होतं. गुरुवारी मी नऊ वाजता लिहिलं. काल सरांचा हात खडूनं पांढरा झाला होता आणि ते माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘तुम्हाला नोकरी नको आहे का?’

‘हवी आहे,’ मी म्हणाले. खरंच हवी आहे. इतकं काही मला आजवर हवं नव्हतं.

आज शनिवार. आज सहाव्यांदा लिहिलं आहे. हे पत्र तिथंच, फळ्याखाली बसून लिहिते आहे. लोक येतात, वाचतात. काही मला बघून मान खाली घालतात, काही घालत नाहीत. साडेअकरा झाले. सर अजून आलेले नाहीत. ते आले की पुसतील आणि सोमवारी मी लिहीन. तीस तारखेपर्यंत आठ दिवस कामाचे आहेत, मोजले आहेत.

तुम्हाला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. मी लिहीत राहीन.

उझ्मा